भगुन्यावरचं नाव

निकाल लागले की आमच्या गावांना चेहरे फुटतात. यंदाही फुटले. नांदेडच्या ज्या चौकात परवापर्यंत खताची जाहिरात होती, तिथे आज दाटीवाटीनं पोरं-पोरी उभी आहेत. निळ्या पडद्यापुढचे पासपोर्ट फोटो, दोन्ही कान दिसतायत, हसू दाबलेलं, खाली टक्के. मधोमध हात जोडलेले सर, पोरांच्या चौपट मोठे. अभ्यास पोरांनी केला आणि वाढले सर, हे फ्लेक्सवर सरळ मापातच दिसतं. पूर्वी हे पाहायला लातूरला जावं लागायचं. आता लातूरच इकडं चालत आलंय.

असला फ्लेक्स पाहिला की पूर्वी माझं डोकं तापायचं, घरी जाईस्तोवर अर्धं पत्रक तयार व्हायचं. यंदा मी फ्लेक्सखाली उभा राहून केळी घेतली. विद्यार्थ्यांच्या चळवळीत पत्रकं लिहून लिहून माझी उमेदीची वर्षं गेली. फिया कमी झाल्या नाहीत, माझे केस तेवढे झाले.

त्यात बिलोलीकडच्या संगीताचा फोन. संघटनेत नवी आहे, अजून प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा आवाज चढतो. म्हणाली, "दादा, डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. स्वस्तातला. आंदोलनालाही होईल आणि मला छंद पण पाहिजे काहीतरी. कुठून सुरू करू?"

मी म्हणालो, "घे की." आणि परत फोन करतो म्हणून ठेवला.

*

माझा कॅमेरा चंदेरी होता, हाताच्या पंजाएवढा. संघटनेतल्या एकानं नवा घेतला म्हणून त्याचा जुना मला मिळाला. झाकण सैल होतं, त्याला रबरबँड. पेन्सिल सेल असे खायचा की विचारू नका. मग कुणीतरी चार्ज होणारे सेल घे म्हणून सांगितलं आणि तो प्रश्न मिटला. तेव्हा मी लातुरात होतो, संघटनेच्या कामासाठी पाठवलेला. असाच निकालाचा हंगाम होता. निलंग्याची, उदगीरची, पार लोह्याची आईबापं गाद्यांच्या वळकट्या घेऊन स्टँडवर उतरायची आणि रिक्षावाला म्हणेल त्या क्लासच्या दारात जाऊन उभी राहायची. पोरगं डॉक्टर होणार, एवढंच त्यांना ठाऊक. बाकी सगळं आम्हाला ठाऊक होतं, असं आम्हाला वाटायचं.

कॅमेरा घेतला तो पुराव्यासाठी. एका खोलीत सात-सात पोरं कोंबतात, दाखवा. संडासाला रांग लागते, दाखवा. मी धडाधड फ्लॅश मारत सुटलो. घरी येऊन पाहिलं तर सगळी पोरं भुतासारखी पांढरी आणि मागं काळोख. खोली कुठली, अन्याय कुठला, काहीच कळेना.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत इक्बालचाचांचा स्टुडिओ होता. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढलेले. चाचा आता ॲडमिशनचे पासपोर्ट फोटो काढत. आमच्या पत्रकांवर त्यांचा भारी लोभ, कारण त्यांच्या मते ती काच पुसायला चांगली होती.

"काय नेते, आज कुणाचा निषेध?"

मी कॅमेरा पुढं केला. त्यांनी एकेक फोटो पाहिला, जीभ टाळ्याला लावून चक्‌चक्‌ केलं.

"फ्लॅश बंद कर बेटा. फ्लॅश म्हणजे पोलिसाची बॅटरी. तोंडावर मारली की माणूस चोरच दिसतो. खिडकी शोध. खिडकी फुकट आहे."

ही माझी शिकवणी. फी नाही, बॅच नाही, फ्लेक्स नाही. चाचा म्हणायचे, कोपर बरगडीला टेकव, श्वास धर. जवळून पाहिजे तर जवळ जा, लांबून झूमनं ओढू नको, चित्र फाटतं. कॅमेऱ्यावर फुलाचं एक चिन्ह होतं. चाचांनी ते दाबायला लावलं, तेव्हा कळलं की या डबीला मुंगीचे पायही दिसतात. तीन पायांचा स्टँड कशाला, वाळूची पिशवी घे, तिच्यावर ठेव. अंधाऱ्या बाजूला उजेड पाहिजे? लग्नाच्या मखरातला उरलेला थर्माकोलचा तुकडा समोर धर. आणि आठ दिवस एकच वस्तू काढ.

मी चहाचा काचेचा ग्लास घेतला. सकाळी काढला, दुपारी काढला, उन्हात, सावलीत. त्या आठ दिवसांत मी कुणाचाच निषेध केला नाही. कुणाला ते जाणवलंही नाही. पण मला जाणवलं. एका ग्लासाच्या कडेवर उजेड कसा बसतो ते पाहत मी अर्धा-अर्धा तास गप्प राहू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. आवडला नाही तर पुसून टाकायचा, कार्ड पुन्हा मोकळं. गरिबाचा छंद म्हणतात तो हाच.

फोटो पाहताना चाचा दर वेळी एकच विचारायचे, "किसके वास्ते काढला?"

"असाच."

"असाच ठीक आहे. पण आंदोलनासाठी काढशील, तेव्हा पण विचार."

*

मी जेवायचो सुनंदामावशीच्या मेसमध्ये. मेस म्हणजे पत्र्याची लांबट खोली. पोरं भिंतीला पाठ लावून पंगतीत बसत, आत चुलीपुढं मावशी. पाटी नव्हती. वरणाच्या मोठ्या पितळी भगुन्यावर टिंबाटिंबांनी 'सुनंदा' कोरलेलं होतं, म्हणून बाई सुनंदामावशी, म्हणून मेस सुनंदा मेस. शाळेत पाढे चालतात तशा हाका सुरू असत. सुनंदामावशी, भाकरी. सुनंदामावशी, मीठ. सुनंदामावशी, ह्यानं माझा कांदा उचलला.

मावशी भूकंपातल्या. किल्लारीच्या बाजूचं गाव. नंतर सरकारनं नवं गाव बांधून दिलं, एका मापाची घरं, घरांना नंबर. मावशी म्हणत, "नंबराच्या घरात मला झोपच लागंना." म्हणून लातूर. कोण कोण गेलं, हे मी कधी विचारलं नाही. भूकंप झाला तेव्हा मी मुदखेडला चौथीत होतो. आमच्या फडताळातली भांडी पहाटे आपोआप वाजली, एवढीच माझी आठवण. शाळेनं कपडे गोळा केले, तेव्हा मला न आवडणारा शर्ट मी उदार मनानं दिला.

मावशीच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एकच खिडकी होती. पहिली पंगत उठून दुसरी बसायच्या आधी तिच्यातून तिरपा उजेड आत यायचा, नेमका भगुन्यावर. पितळ पेटल्यासारखं दिसायचं. वरणाची वाफ उजेडात वर चढायची. एका सकाळी मी ज्वारीच्या पिशवीवर कॅमेरा टेकवला, श्वास धरला.

"काय करलालास रं?"

"फोटो काढून राहिलो, मावशी."

"काढून राहिलो म्हणं! तुमचं नांदेडाचं काम कधी सरतच न्हाई बघ, आपलं राहूनच राहतंय." हात धुणारी पोरं खिदळली. "आन् वरणाचा कशाला फोटू? वरण काय पळून चाललंय?"

"कामून? उजेड लई चांगलाय."

"कामून! आलं बघा कामून!" मी 'का' न म्हणता 'कामून' म्हणतो, याचं मावशींना कायम हसू यायचं. "काढ बाबा. उजेड फुकटचाच हाय."

दोन-चार काढले. मग त्यांनी हात पदराला पुसले आणि पुढं केला. "दे."

"हा कागदावर नसतो मावशी. यात आत असतो." मी मागचा पडदा दाखवला. गरम भांडं धरावं तसा त्यांनी कॅमेरा दोन बोटांत धरला. बराच वेळ पाहिलं. मग पडद्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं, पीठ लागलं असेल, पुसतायत.

"आत ऱ्हायलेला काय कामाचा? भूकंपात बी लई जणांनी फोटू काढले. हिकडं बघा, हिकडं तोंड करा. एकानं बी आणून दिला न्हाई. तू तरी आणून दे."

"देतो की."

"सगळे देतोच म्हणले व्हते."

*

आता खरं सांगायचं. लेखात सांगायला सोपं जातंय, तोंडानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ॲडमिशनच्या आठवड्यात आमचं पत्रक निघायचं होतं. बड्या क्लासवाल्यांचीच वसतिगृहं, त्यांच्याच मेस, फीमध्येच जेवण धरलेलं आणि जेवण निकृष्ट. विषय शंभर टक्के खरा होता. संघटनेच्या खोलीत सतीश म्हणाला, "नुसता मजकूर आता कुणी वाचत नाही. फोटो पाहिजे." सतीश आमच्यात वयानं मोठा, छपाई त्याच्याकडं. आम्ही कार्ड कम्प्युटरला लावलं. वसतिगृहांचे माझे फोटो सगळे फ्लॅश खाल्लेले. क्लासच्या मेसमध्ये तर आम्हाला कुणी पाऊलच टाकू दिलं नव्हतं. एकच फोटो असा होता की पाहताक्षणी सतीश खुर्चीतून उठला. भगुनं, पळी, पळीतून पडणारं पातळ वरण. उजेडात ते पाण्यासारखंच दिसत होतं.

"हा कुठला?"

"मेसचा," मी म्हणालो. कुठल्या, ते बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही.

वरण पातळ होतं, हे खोटं नव्हतं. दुसऱ्या पंगतीचं वरण जगात सगळीकडं पातळच असतं. फोटोत उजव्या बाजूला मावशीचा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, भगुन्याचा काठ धरलेला. तो मी कापला. बाईला कुणी ओळखू नये, म्हणून. मावशीला आपण वाचवलं, असं मला वाटलं होतं. आणि खाली ओळ टाकली: भावी डॉक्टरांच्या ताटात हेच गढूळ पाणी? ओळ सुचायला दोन मिनिटं लागली नाहीत. मला ओळ सुचली की अंगात येतं, मग मी दुसरं काही पाहत नाही.

पिवळ्या कागदावर पत्रक छापून आलं. आम्ही ते क्लासांच्या दारात वाटलं, स्टँडवर वाटलं, वळकटीवर बसलेल्या आईबापांच्या हातात दिलं. घोषणा दिल्या. घसा बसला. छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेच पत्रक एका बड्या वसतिगृहाच्या नोटीसबोर्डावर लागलं. त्यांनीच लावलं! शेजारी पेननं लिहिलं होतं, बाहेरच्या मेसमध्ये काय मिळतं ते पालकांनी पाहावं. ऑफिसातला माणूस एकेका बापाला तिथं उभा करून भगुन्यावर बोट ठेवत होता. आमचा बाण, आमचं धनुष्य, आणि मारणारे ते.

बोट ठेवायला जागा होती, कारण नाव होतं.

मी ते पाहिलंच नव्हतं. चाचांनी दाखवलं. पत्रक हात लांब करून धरलं, चष्मा वर केला. "खिडकी बरोबर घेतलीस. जवळ गेलास, चांगलं केलंस. तिरप्या उजेडात पितळ काय उठलंय!" मी खूष. मग म्हणाले, "पण नाव वाचलंस का?"

भगुन्याच्या गळ्याशी टिंब न् टिंब उठून आलं होतं. सुनंदा. वरणापेक्षा ते नावच आधी दिसत होतं.

"इतकं साफ तर मी पासपोर्टलाही काढत नाही," चाचा म्हणाले. आणि त्यांनी ते पत्रक काचेला लावलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं.

*

मेसवर गेलो तर दुसरी पंगतच नव्हती. पहिल्या पंगतीत पाच-सहा पोरं, तीही खाली मान घालून. कुणी हाक मारत नव्हतं. पाहिजे ते हातानं दाखवत होते, जणू ते नाव उच्चारायला लाजत होते. ॲडमिशनच्या आठवड्यात जी मेस भरते ती वर्षभर भरते, आणि तो आठवडा चालला होता.

"बस," मावशी म्हणाल्या. "ताट घे."

"सुनंदामावशी, माझं चुकलं."

"माझं नाव कलावती हाय."

मी भगुन्यावरच्या नावाकडं पाहिलं.

"सुनंदा लेक माझी. तिच्या आंदणाला म्हणून एकेक भांडं घेत व्हते, घेतलं की नाव घालायचं. पाचवीत व्हती. भूकंपात गेली." त्या भाकरी थापतच होत्या, थापणं थांबलं नाही. "ढिगाऱ्यातली भांडी शाळेच्या पटांगणात मांडली व्हती. ज्याचं नाव त्यानं न्यावं. मला कुठं वाचता येतंय? एक पोलीस एकेक वाचत व्हता. सुनंदा म्हणला. मी म्हणलं, माझी हाय."

तव्यावर भाकरी फुगली. त्यांनी ती काढली, दुसरी टाकली.

"फोटू न्हाई तिचा एक बी. कोण काढतंय? हितं आले आन् पोरं भगुनं बघून मला सुनंदामावशी म्हणाय लागली. म्या म्हणलं, म्हणू द्या. तेवढंच दिवसभर तिचं नाव कुणाच्या तरी तोंडात ऱ्हातंय." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वरण पातळ व्हतं. डाळ महागली की पाणी वाढतंय, ते काय चोरून हाय व्हय? पर ते पाणी माझं व्हतं. तिच्या नावावर कामून टाकलास?"

माझाच शब्द. या वेळी त्या हसल्या नाहीत.

*

मी सतीशला म्हणालो, दुसरं पत्रक काढू, खुलासा करू. तो म्हणाला, खुलाशानं आंदोलन कमजोर होतं. मी चर्चा केली, मतदान झालं, मी हरलो आणि ऐकलं. शिस्त म्हणतात त्याला. आज वाटतं, खुलासा मी एकट्यानं हातानं लिहूनही वाटू शकलो असतो. हात होते मला.

त्याऐवजी चाचांकडं गेलो. म्हणालो, मूळ फोटो कागदावर करून द्या, अख्खा, न कापलेला. चाचांनी कार्ड घेतलं. मशीन गरम होईस्तोवर आपणहून बोलू लागले. भूकंपानंतर लोक त्यांच्याकडं लग्नाचे, शाळेचे ग्रुप फोटो घेऊन यायचे. त्यातला एक चेहरा वेगळा काढून मोठा करून पाहिजे असायचा. "फोटोवरून फोटो. महिनोन्‌महिने तेच केलं. आणि ज्यांच्याकडं काहीच नव्हतं, ते पण यायचे. एक बाई म्हणाली, नाक माझ्यासारखं होतं, डोळे बापासारखे, काढा. मी काय करणार? चहा पाजला, परत पाठवली." मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. त्यांनी तो कडेला धरून वाळवला, पाकिटात घातला. "आता तू तरी मोकळ्या हातानं जाऊ नको."

त्या वर्षी मेस कशीबशी चालली. पुढच्या वर्षी बंद झाली. पत्र्याच्या खोलीच्या जागी आता तीन मजली अभ्यासिका आहे. मावशी भावाकडं गेल्या, असं कुणी म्हणालं. मी पत्रकं लिहीत राहिलो. विषय खरेच होते, खरेच असतात. पण ओळ सुचली की आता पहिल्यासारखं अंगात येत नाही. आधी फोटो डोळ्याजवळ धरतो आणि कुठं काही कोरलेलं आहे का, ते पाहतो. सतीश म्हणतो, तू थकलास. असेन.

संगीताला परत फोन केला. खिडकीचं सांगितलं, वाळूच्या पिशवीचं सांगितलं, चार्जच्या सेलचं सांगितलं. म्हणालो, जुना घेतलास तरी चालेल, झाकण तेवढं बघून घे. आणि ज्याचा काढशील त्याला कागदावर दे. ती म्हणाली, "कागदावर कशाला दादा, आता तर सगळं कम्प्युटरवरच पाहतात." मी म्हणालो, तरी दे.

कारण त्या दिवशी पाकीट घेऊन मी मेसवर गेलो, तेव्हा चुलीच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी, भिंतीला काहीतरी पिवळं चिकटवलेलं होतं. आमचं पत्रक. कात्रीनं कापलेलं, जरा वाकडंच. फक्त भगुनं आणि नाव. त्याला कुंकू लावलेलं. माझी ओळ कापून टाकली होती.

मी पाकीट दिलं. मावशींनी हात पुसले, फोटो बाहेर काढला, खिडकीशी नेला. पाहत राहिल्या. मग भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं आणि पुन्हा हातातल्याकडं.

"ह्यात माझा हात हाय की."

"होय."

"तिच्या नावाला धरलेला." त्यांनी अंगठा फिरवला, त्या दिवशी पडद्यावर फिरवला होता तसाच. पीठ नव्हतंच ते. "त्यात न्हाई. हात तू कापलास व्हय?"

त्यांनी भाताच्या पातेल्यातून मूठभर शितं घेतली, फोटोच्या पाठीला चोळली आणि तो पिवळ्या कागदावर नेमका दाबून बसवला. मग माझ्यापुढं ताट ठेवलं.

"जेवून जा," म्हणाल्या. "वरण आज बी पातळच हाय."